दीड दालन

त्या दिवशी संग्रहालयाची सात दालनं बघायची, असं ठरवून आम्ही घराबाहेर पडलो होतो. बघून झाली दीड. उरलेल्या दालनांत काय आहे, हे मला अजूनही तिकिटासोबत मिळालेल्या नकाशावरूनच माहीत आहे.

आम्ही चौघं होतो. माझी ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा, माझी आई आणि मी. मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. हे चौथं वर्ष. आई मात्र ३२ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. आमच्या निर्णयाला तिने विरोध केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, आणि त्यानंतर दर भेटीत मुलांच्या वह्या मागून घेऊन शांतपणे चाळत राहिली. शाळा हे तिचं आयुष्य होतं. तिच्या नातवंडांनी शाळेचा उंबरठाच ओलांडला नाही, याचं तिला काय वाटत असेल, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या मनात एक भीती सतत वस्तीला असते. कुणीतरी विचारेल, "मग दिवसभर मुलं करतात काय?" आणि आपल्याला उत्तर देता येणार नाही. त्या भीतीपोटी मी एक फाईल ठेवत आले आहे. मुलांनी लिहिलेली पानं, चित्रं, गणितं, सगळं तारखेनुसार लावलेलं. पण फाईलमध्ये जायचं ते पक्कं पान. खाडाखोड झालेलं कच्चं पान मी रद्दीत टाकत असे आणि मुलीला म्हणत असे, "आता हेच छान उतरवून काढ." संग्रहालयासाठीही मी तशीच तयारी केली होती. आठवडाभर वाचून ३२ प्रश्न काढले, टाईप केले, दोन प्रती काढल्या. मुलं उत्तरं लिहितील, पानं फाईलला लागतील, भेट सत्कारणी लागेल.

पहिल्या दालनाच्या तोंडाशीच अंधार होता. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. "इथे दिवे का नाही लावत?"

तिथे जुनी वस्त्रं मांडली होती. मी त्याला सांगितलं, की उजेडाने कापडाचा रंग उडतो, धागा कुजल्यासारखा ठिसूळ होतो, आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत. घरात वाचायला बसताना आपण दिवा लावतो, त्याच्या कितीतरी कमी. डोळे सरावायला चारपाच मिनिटं लागतात, तेवढं थांबलं की दिसायला लागतं. त्याने विचार केला आणि विचारलं, "म्हणजे आपण बघतो तेव्हा ते थोडं थोडं संपतं?"

हो. तसंच म्हणायचं. मला ३२ प्रश्नांत हा सुचला नव्हता.

डोळे सरावल्यावर तो पुढे गेला आणि एका बुटक्या काचपेटीसमोर त्याने जी बसकण मारली, ती अर्धा तास. आत मातीची एक खेळण्यातली गाडी होती, सिंधू संस्कृतीतली. हडप्पा, मोहेंजोदडो आणि आसपासच्या वसाहतींत अशा भाजक्या मातीच्या गाड्या, चाकं, बैल, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या पुष्कळ सापडल्या आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या. गाडी तळहातावर मावेल एवढी, चाकं भरीव, आऱ्या नसलेली. तो जमिनीवर पालथा पडून खालून बघत होता.

"आई, मातीची गाडी जुनी आहे, पण मधली काडी नवी आहे."

मी वाकून बघितलं. खरंच, चाकं ज्या आसावर बसवली होती ती काडी नव्या लाकडाची होती, संग्रहालयाने घातलेली. मग आम्ही दोघं मिळून शोधत बसलो, की या गाडीतलं काय काय गेलं असेल. आस गेला. जू गेलं. दोरी गेली. मी त्याला मोहेंजोदडोच्या मान हलवणाऱ्या मातीच्या बैलाबद्दल सांगितलं. डोकं वेगळं केलेलं, आत दोरी ओवायला भोकं. दोरी ओढली की बैल मान डोलवणार. बैल राहिला, दोरी राहिली नाही. तो म्हणाला, "आणि ज्याची गाडी होती तो पण गेला." हे त्याने अगदी सहज, यादीतली पुढची वस्तू सांगावी तसं सांगितलं.

संग्रहालयात इतिहास असतो असं आपण म्हणतो, पण असतं ते न कुजलेलं. दगड, भाजलेली माती, सोनं, हाडं. लाकूड, कातडं, सूत, गवत, पानं यांतून ज्यांचं आयुष्य घडलं त्यांची दालनं रिकामी असतात. हे मी पुस्तकांत वाचलं होतं. पण त्या नव्या काडीने ते जसं डोळ्यांपुढे आणलं, तसं पुस्तकाने आणलं नव्हतं.

तेवढ्यात एका शाळेची सहल आली. ४०-४५ मुलं, दोन बाई. ओळीने, ओठांवर बोट. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि कागदावर भराभर लिहून घेण्याची घाई. ती रांग आमच्या शेजारून सात-आठ मिनिटांत निघून गेली. मागच्या एका मुलाने धाकट्याकडे, मग गाडीकडे बघितलं, क्षणभर रेंगाळला आणि पुढे ओढला गेला.

आई त्या दोन बायकांकडे बघत होती. त्या गेल्यावर म्हणाली, "मी दर वर्षी आणायचे मुलांना. वीस-बावीस वेळा तरी आले असेन अशा ठिकाणी. वस्तू एकही आठवत नाही बघ. मी फक्त डोकी मोजत राहायचे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढी मुलं सुखरूप घरी पोचवणं हे केवढं मोठं काम आहे, ते मी लहानपणी सहलीच्या संध्याकाळी तिच्या सुजलेल्या पायांवरून ओळखायला शिकले होते. त्या शिक्षिकांच्या वाट्याला वेळ आला नव्हता, माझ्या वाट्याला आला होता. आणि तरीही मी मुलांच्या हाती तसलाच कागद दिला होता.

दुसरं दालन लिपीचं. खरं तर त्याच्याही अर्ध्यावरच आम्ही थांबलो.

भिंतीला लागून एक उभी काचपेटी होती. आत भाकरीच्या गोळ्याएवढी, थोडी चपटी, गोल मातीची पाटी. सुमारे इ.स.पू. १८००, मेसोपोटेमिया. खाली आरसा ठेवलेला, म्हणजे पाठची बाजूही दिसावी. वरच्या बाजूला पाचरीच्या आकाराच्या खुणांच्या दोन-तीन ओळी, रेखीव, सारख्या अंतरावर. आरशात दिसणाऱ्या बाजूवर त्याच ओळी, पण कलत गेलेल्या, शेवटी जागा न पुरल्याने चेंगरलेल्या.

मी शेजारचा मजकूर वाचायला लागले. आईने वाचला नाही. ती दोन क्षण वरची बाजू, दोन क्षण आरसा बघत राहिली आणि एवढ्या मोठ्याने बोलली, की दाराशी बसलेल्या रक्षकाने मान वळवली.

"अगं, हा कित्ता आहे!"

कित्ताच होता. गुरूने एका बाजूला लिहून द्यायचं, मुलाने ते बघून, पाटी उलटी करून, आठवून दुसऱ्या बाजूला उमटवायचं. अशा गोल पाट्या मेसोपोटेमियात मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. दुसऱ्या एका प्रकारात डावीकडे गुरूचा रकाना आणि उजवीकडे मुलाचा. मुलगा आपला रकाना खरवडून पुसायचा आणि पुन्हा लिहायचा, म्हणून कित्येक पाट्यांची उजवी बाजू झिजून पातळ झालेली आहे. हे मी सांगितलं तेव्हा आईने नुसतं "हं" केलं. ३२ वर्षं जिने फळ्याच्या वरच्या ओळीत सुवाच्य अक्षर काढून खालच्या ओळी मुलांसाठी मोकळ्या सोडल्या, तिला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग मी तिला निप्पूरच्या त्या घराबद्दल सांगितलं. हे मला खरं तर खूप दिवस सांगायचं होतं, पण सांगितलं तर ते वादातला मुद्दा होईल म्हणून सांगत नव्हते. आजच्या इराकच्या दक्षिण भागात निप्पूर नावाचं प्राचीन शहर आहे. तिथे १९५१-५२च्या उत्खननात एक लहानसं घर सापडलं. उत्खनन करणाऱ्यांनी त्याला 'हाउस एफ' एवढंच नाव दिलं. इ.स.पू. अठराव्या शतकातलं, चारदोन खोल्यांचं, आजूबाजूच्या घरांसारखंच एक घर. त्यात पाट्यांचे सुमारे १४०० तुकडे निघाले, बहुतेक सगळे मुलांच्या अभ्यासाचे. अक्षरं, शब्दांच्या याद्या, पाढे, मोजमापं, पुढे गाणी आणि कथा. शिवाय जुन्या पाट्या भिजवून पुन्हा माती मळायची जागाही तिथेच. शाळा म्हणजे ते घरच होतं.

"घरात?" आई म्हणाली.

"घरातच."

ती काही बोलली नाही. मला वाटलं होतं की हे सांगताना मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही, कारण पुढचं सांगायचं होतं. त्याच काळातली सुमेरियन भाषेतली एक रचना आहे, एका विद्यार्थ्याच्या दिवसाबद्दलची. तो सकाळी आईकडून शिदोरी घेऊन शाळेत जातो आणि दिवसभर मार खातो. न विचारता बोलला म्हणून, उभा राहिला म्हणून, अक्षर चांगलं नाही म्हणून. शेवटी बाप गुरूला घरी बोलावतो, जेवू घालतो, भेटी देतो आणि मग गुरू त्याचं कौतुक करतो. ही रचना पुढे मुलांनीच सरावासाठी नकलून काढली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

धाकट्याला धक्का बसला. "अक्षरासाठी मारायचे?"

आई काचेकडे बघत म्हणाली, "मीसुद्धा मारलंय." मग थोड्या वेळाने, "नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी. पट्टीने, बोटांवर. डावखुरा होता. तेव्हा आम्हाला तसंच सांगितलेलं, उजव्या हातानेच लिहायला लावायचं. त्याचं अक्षर कधी सुधारलं नाही. सुधारणार कसं?"

माझी मुलगी डावखुरी आहे. तिने काही न बोलता आजीचा हात धरला, तोही डाव्या हाताने. मी बाजूला झाले. मला वाटतं, हे वाक्य आईने आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर उच्चारलं असावं, आणि ते ऐकायला ३८०० वर्षांपूर्वीचं एक वेडंवाकडं अक्षर समोर लागलं.

धाकट्याला त्या शांततेतून बाहेर काढायला मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. निप्पूरच्याच एका पाटीवर दातांच्या खुणा आहेत. पाटी ओली असताना कुणीतरी विद्यार्थी ती चावला. राग आला, कंटाळा आला, की नुसतं चावून बघावंसं वाटलं, कोण जाणे. तो एकदम खुलला. तोंड उघडून काचेत स्वतःचे दात बघायला लागला. समोरचे वरचे दोन नुकतेच पडले होते.

थोरलीचा प्रश्न वेगळाच होता. "मुलीही शिकायच्या का?"

बहुतेक मुलगेच, हे मला सांगावं लागलं. पण सिप्पर नावाच्या शहरात लेखनिक स्त्रिया होत्या, त्यांची नावं पाट्यांवर आहेत. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एनहेदुआन्ना. अक्कडच्या सार्गन राजाची मुलगी, ऊर शहरातल्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण, इ.स.पू. २३००च्या सुमाराची. जगात ज्यांचं नाव आपल्याला माहीत आहे अशा रचनाकारांत ती सर्वांत आधीची मानली जाते. तिच्या नावावर असलेलं इनन्ना देवीचं स्तोत्र हे निप्पूरच्या मुलांच्या अभ्यासक्रमात होतं. तिच्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी मुलगे बसून तिच्या ओळी गिरवत होते. तीही अशा भाषेत, जी त्यांच्या घरी कुणी बोलत नव्हतं. घरी अक्कडी, शाळेत सुमेरियन. सुमेरियन तोवर बोलीभाषा म्हणून जवळजवळ संपलेली होती.

थोरलीने फक्त एवढंच विचारलं, "तिचं नाव परत सांग." मी सांगितलं. तिने प्रश्नपत्रिकेच्या समासात ते लिहून घेतलं.

आणि मग शेजारच्या पेटीतली ती दुसरी पाटी.

ती प्रतिकृती होती, तसं खाली स्पष्ट लिहिलेलं होतं. थोरलीचा विरस झाला. "म्हणजे खोटी." पण तिच्याखाली पाटीवरचे आकडे आपल्या अंकांत उतरवून दिले होते, आणि ते आकडे काही खोटे नव्हते. दोन रकाने:

२ – ३०
३ – २०
४ – १५
५ – १२
६ – १०
८ – ७, ३०
९ – ६, ४०

तिने बराच वेळ बघितलं. पहिल्या पाच ओळींचा गुणाकार ६० येतो हे तिच्या लगेच लक्षात आलं. आठसमोरच्या '७, ३०'ने अडवलं. आजीने तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे नुसतं बोट केलं. "सात मिनिटं तीस सेकंद!" तासाचे आठ भाग केले की साडेसात मिनिटं. नऊ केले की सहा मिनिटं चाळीस सेकंद. बॅबिलोनियातले, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियातले, लोक ६०च्या पटीत मोजत, आणि आपल्या तासाची साठ मिनिटं नि मिनिटाचे साठ सेकंद ही वाटणी त्यांच्या मोजण्यातून आलेली आहे, हे मी कधीतरी तिला सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि सापडलेलं यांत फरक असतो. तो त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

मग ती म्हणाली, "आजी, त्याने सात लिहिलाच नाही. विसरला."

मी तोंड उघडलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला. "विसरला असेल का?" ती थोरलीला म्हणाली. "तू भर बरं सातची ओळ."

दालनाच्या मध्ये एक बाक होतं. थोरली तिथे बसली. कोरा कागद नव्हता, म्हणून प्रश्नपत्रिकेचं तिसरं पान घेतलं. तिथे प्रश्न १४ होता, मेसोपोटेमियातल्या दोन नद्यांची नावं लिहा. त्या प्रश्नावरूनच तिने भागाकार मांडला. साठ भागिले सात, आठ मिनिटं, उरली चार. चार मिनिटांचे २४० सेकंद. सात त्रिक... खोड. तेहेतीस आले, पुन्हा खोड. चौतीस, उरले दोन. आता सेकंदाचेही साठ भाग करायचे, हे तिला आजीने सांगितलं नाही. ते तिचं तिलाच सुचायला दहा मिनिटं लागली. १२० भागिले सात, सतरा, उरला एक. एकाचे साठ.

"अय्या, परत साठ!"

परत आठ, परत चौतीस, परत सतरा. ती दोन वेळा फिरून आली आणि थांबली. पान भरलं होतं. बाणांनी, खोडलेल्या आकड्यांनी, मधेच काढलेल्या घड्याळाच्या तबकडीने.

"हा संपतच नाही," ती म्हणाली. मग उठून काचेपाशी गेली. "तो विसरला नव्हता. त्याला माहीत होतं."

बॅबिलोनियातल्या त्या कोष्टकांत सात खरंच गाळलेला असतो. अकरा, तेरा, चौदाही गाळलेले असतात. साठच्या हिशेबात ज्यांचा भागाकार पूर्ण होत नाही ते अंक कोष्टकात घेतच नसत. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते एका वाक्यात सांगून टाकणार होते. आईने हात ठेवला नसता तर सांगून टाकलंच असतं. घरी शिकवायला लागल्यापासून मी किती सातच्या ओळी अशा आधीच भरून टाकल्या असतील, याचा विचार त्या बाकावर बसून मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

आई खूश होती. "आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होती," ती थोरलीला सांगत होती. "पण हे 'का' कुणी विचारलं नाही. मीही माझ्या मुलांना विचारलं नाही. घटक संपवायचा असायचा."

दालनाच्या त्या बाजूला विद्यार्थ्यांच्या आणखी एका नामांकित पाटीचं मोठं छायाचित्र होतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहातली, तळहाताएवढी गोल पाटी. चौरस काढलेला, त्याचे कर्ण, आणि कर्णावर आकडे. बाजू ३० असेल तर कर्ण किती, हे त्यात आहे, आणि त्यासाठी २च्या वर्गमुळाची किंमत वापरलेली आहे ती १.४१४२१२९६ येते. खरी किंमत १.४१४२१३५६. कॅल्क्युलेटरवर हे ताडून बघताना थोरलीचा श्वास रोखलेला. पण ती पुन्हा पुन्हा वळून बघत होती ती सात नसलेल्या कोष्टकाकडेच.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. बंद व्हायला पाऊण तास राहिला होता. पाच दालनं बाकी होती, नाणी, शस्त्रं, ताम्रपट, ज्यांच्यासाठी मी आठवडाभर वाचलं होतं. मनात घाई उसळली. आणि त्याच घाईत मी ते वाक्य बोलले.

"छान केलंस. घरी गेल्यावर हे नीट उतरवून काढ हं, फाईलला लावू."

थोरलीचा चेहरा जरासा उतरला. फार नाही. सवय होती तिला. आई माझ्याकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने त्या गोल पाटीकडे, आरशातल्या कलत गेलेल्या ओळींकडे बघितलं. बोलली काहीच नाही.

पाच दालनं राहिली. आम्ही बंद होईपर्यंत तिथेच होतो. रक्षक जवळ येऊन म्हणाला, "या पेटीसमोर एवढा वेळ कुणी थांबत नाही." मग धाकट्याला बोलावून त्याने पेटीच्या कोपऱ्यातला, कुणाचं लक्ष जाणार नाही असा एक फुटका तुकडा दाखवला. त्याच्या कडेला बोटाचा ठसा होता, रेषा न् रेषा दिसणारा. रोज संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी तो तिथे एकदा थांबतो, असं म्हणाला. धाकट्याने काचेवर, ठशासमोर, आपलं बोट टेकवलं. रक्षकाने काच पुसून घेतली, पण त्याला रागावला नाही.

रात्री मुलं झोपल्यावर मला निप्पूरच्या त्या घराबद्दल पुन्हा वाचावंसं वाटलं. सकाळी सांगताना माझ्याकडून एक गोष्ट राहिली होती, आणि मला वाटतं तीच महत्त्वाची होती. ते १४०० तुकडे कुणी जपून ठेवले नव्हते. ते टाकलेले होते. घराची डागडुजी करताना भिंतीत, जमिनीखाली भराव म्हणून जुन्या पाट्या घातल्या गेल्या, म्हणून त्या राहिल्या. आज अभ्यासकांना त्या काळचं शिक्षण कसं चालत होतं ते कळतं, पहिल्यांदा काय शिकवत, मग काय, मुलं कुठे अडखळत, हे त्या टाकलेल्या कच्च्या पाट्यांवरून.

आणि मग ऊरची आठवण झाली. लिओनार्ड वूली या पुरातत्त्वज्ञाला १९२५ साली ऊरच्या उत्खननात एका वास्तूत वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकत्र मांडून ठेवल्यासारख्या सापडल्या. ही वास्तू बॅबिलोनच्या नबोनिडस राजाच्या मुलीची, एनिगाल्डीची, इ.स.पू. सहाव्या शतकातली. जगातलं सर्वांत जुनं संग्रहालय म्हणून तिचा उल्लेख होतो. त्या वस्तूंत मातीचा एक लहान ढोलाच्या आकाराचा तुकडा होता. त्यावर एका लेखनिकाने ऊरच्या भग्नावशेषांत मिळालेल्या, त्याच्याही दीडएक हजार वर्षं आधीच्या विटांवरचा मजकूर नकलून ठेवला होता, आणि खाली लिहिलं होतं, की बघणाऱ्यांना नवल वाटावं म्हणून मी हे पाहून उतरवलं. संग्रहालयातल्या वस्तूखालची ही बहुधा जगातली पहिली पाटी. वूलीने तिच्याबद्दल आणखी एक नोंद करून ठेवली आहे. ती नक्कल चुकांनी भरलेली आहे, इतकी, की मूळ मजकूर धड लागत नाही.

मी फाईल काढली. चार वर्षांची पक्की पानं. सुंदर, सरळ, एका अक्षराचीही खाडाखोड नसलेली. मी पहिलीपासून शेवटपर्यंत चाळली आणि माझी मुलगी त्यात मला कुठे दिसेना. सातला कुठे अडली, तेहेतीस कसे आले, दहा मिनिटं कशापाशी थांबली, यातलं काहीच नाही. प्रश्न १४वर भागाकार घातलेलं ते पान माझ्या पिशवीत होतं. ते मी जसंच्या तसं, घडीसकट, फाईलला लावलं. टायग्रिस आणि युफ्रेटिस ही नावं त्यावर कुठेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई परत जाणार होती. त्याआधी तिने धाकट्याला माती भिजवून दिली. भाकरीच्या गोळ्याएवढा गोळा, थोडा चपटा. आईस्क्रीमच्या काडीचं टोक तिरकं कापून तिने वरच्या बाजूला एक ओळ उमटवून दिली, कित्ता म्हणून. मुळाक्षरं पाचरींनी काढणं सोपं नाही. 'अ'ची वळणं मातीत बसत नव्हती. तिने तीनदा पुसलं, मग म्हणाली, "मलाच येत नाही रे," आणि दोघं खूप वेळ त्यातच रमले. थोरलीने स्वतःची वेगळी पाटी घेतली आणि डाव्या हाताने, कोपर टेबलाला टेकवून, २पासून ९पर्यंतचं कोष्टक दाबत गेली. सहानंतर तिने एक बोट जागा मोकळी सोडली.

धाकट्याचा गोळा मी संध्याकाळी खिडकीत वाळत ठेवायला उचलला. वरच्या बाजूला आजीचा डळमळीत 'अ'. मागे त्याचा, कललेला, शेवटी चेंगरलेला. आणि कडेला, पूर्ण जोर लावून घेतलेला एक चावा. खालचे दात चारही उमटले आहेत. वरच्यांच्या मधोमध दोन दातांची जागा मोकळी आहे.

फाईलमध्ये ती पाटी मावत नाही. सध्या बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात, कापसावर ठेवली आहे.